तंबूचे सोंग

मानखुर्द हे मुंबईच्या या अंगाचे शेवटचे स्थानक. येथून गाडी सुटली की खाडीचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की वाशी. पावसाळा सरला की शनिवारी दुपारच्या पनवेल गाडीत पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेली तरुण मुले-मुली हमखास दिसतात. कोणी रायगडाकडे, कोणी राजमाचीला, कोणी पवनेच्या जलाशयाकडे निघालेले असतात. पिशवीला आडवी बांधलेली एक लांबट गुंडाळी असते, तिच्यात नायलॉनचा तंबू असतो. दोन लवचिक काठ्या एकमेकींवरून वाकवून ओवल्या की पाच मिनिटांत तो उभा राहतो. रंग नारिंगी, निळा किंवा पोपटी, आणि आकार पालथ्या घातलेल्या वाटीचा. थंडीवाऱ्यापासून तो चांगला निवारा देतो, वजनाला हलका असतो, आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

परंतु हीच मंडळी जेव्हा शिवजयंतीच्या निमित्ताने एखाद्या मैदानात शिवकालीन छावणीचा देखावा उभा करतात, किंवा गडाच्या पायथ्याशी ऐतिहासिक वेषात एक रात्र काढू पाहतात, तेव्हा ही पोपटी वाटी सगळ्या चित्राचा विचका करते. मग तिला झाकण्याचे प्रयत्न सुरू होतात. कोणी तिच्यावर लाल कापड टाकतो, कोणी सोनेरी झालर लावतो, कोणी वर पुठ्ठ्याचा कळस बसवतो, तर कोणी समोर थर्मोकोलचे महिरपी दार उभे करतो. परदेशांतही असे हौशी लोक पुष्कळ आहेत. ते आपल्या सहलीच्या तंबूंना मध्ययुगीन सरदारांच्या डेऱ्यांचे किंवा परीकथेतल्या महालांचे रूप देतात. तेव्हा तंबूला सोंग देणे ही काही आपल्या गल्लीतलीच हौस आहे असे नाही.

इतिहासाच्या व्याख्यानमालेत या पोरखेळाचे काय काम, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. आमचे उत्तर असे की, तंबूने दुसऱ्या कशाचे तरी सोंग घ्यावे ही रीत फार जुनी आहे, आणि आपल्या इतिहासातील काही मोठे प्रसंग या सोंगाभोवतीच घडलेले आहेत. म्हणून सोंग घ्यावे की नाही यावर आम्ही फारसा वेळ दवडणार नाही. कोणते सोंग घ्यावे, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम मोगलांकडे वळू, कारण या कलेचे खरे वस्ताद तेच. अकबराच्या स्वारीबरोबर जे डेरेदांडे चालत, त्यांचा तपशील अबुल फजलने आईन-ए-अकबरीत दिलेला आहे. एका छावणीचे सामान वाहून नेण्यास 100 हत्ती, 500 उंट, 400 गाडे आणि 100 हमाल लागत. डेरे उभारण्यासाठी 1000 फरास असत. शिवाय बेलदार, सुतार, पखालजी, चांभार, मशालजी वेगळे. त्या डेऱ्यांत दुमजली डेराही होता, आणि वरच्या मजल्यावर बादशहा नमाज पढत असे. कापडाच्या घराला मजला चढवायचा, म्हणजे ते कापडाचे आहे हे विसरायला लावायचे. औरंगजेब 1664 च्या अखेरीस दिल्लीहून काश्मीरच्या वाटेला लागला, तेव्हा बर्नियर हा फ्रेंच वैद्य त्या स्वारीत होता. तो सांगतो की बादशहाचे डेरे दुहेरी असत. एक संच मुक्कामावर उभा असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे. त्याला पेशखाना म्हणत, आणि त्याच्या दिमतीला 60 हत्ती, 200 उंट, 100 खेचरे व 100 हमाल होते. बादशहा दिवसभर चालून जेव्हा उतरे, तेव्हा त्याला काल सोडलेलीच वास्तू पुन्हा समोर दिसे. तीच कचेरी, तोच खासगी दरबार, तोच जनाना.

या डेऱ्यांचा बाहेरचा रंग लाल असे. आतून मच्छलीपट्टणच्या चिटाचे अस्तर, आणि त्या चिटावर फुलांनी भरलेल्या कुंड्या रंगवलेल्या. कनातींचे जे जुने नमुने आज संग्रहालयांतून पाहावयास मिळतात, त्यांच्यावर एकामागून एक महिरपी काढलेल्या असून प्रत्येक महिरपीत एकेक फुलझाड आहे. दिल्ली-आग्र्याच्या संगमरवरी भिंतींवर जे कोरलेले दिसते तेच येथे कापडावर छापलेले आहे. श्रीरंगपट्टण 1799 मध्ये पडल्यावर टिपू सुलतानाचा असाच एक चिटाचा तंबू मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह याच्या घराण्याकडे गेला. वेल्समधील पोविस किल्ल्यात तो अद्याप आहे. मधल्या काळात त्या घराण्याने बागेतल्या मेजवान्यांसाठी त्याचा मांडव केला होता. एका सुलतानाच्या डेऱ्याच्या नशिबी हेही सोंग आले!

युरोपातही हा खेळ चाललेला होता. 1520 च्या जूनमध्ये इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस यांची भेट झाली, तेव्हा हेन्रीने गीन या गावाजवळ एक तात्पुरता राजवाडा उठवला. खाली विटांचे जोते होते, आणि त्यावर लाकडी सांगाडा घालून कापड ताणलेले होते. ते कापड दगडविटांसारखे रंगवलेले होते. दोन अडीच आठवड्यांचा समारंभ संपल्यावर तो राजवाडा राहिला नाही, पण त्याची चित्रे आणि वर्णने राहिली.

एवढा खटाटोप राजे लोक का करीत? केवळ डामडौल म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. घरदार सोडून रानात उतरलेला माणूस उघडा पडतो. त्याच्या पाठीशी तट नाही, बुरूज नाही, गावही नाही. अशा वेळी कापडाचा का होईना पण राजवाडा उभा असला, की जेथे बादशहा तेथे राजधानी, हे लोकांना डोळ्यांनी दिसते. 1695 मध्ये जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगले येथे औरंगजेबाच्या छावणीत आला. त्या छावणीचा घेर त्याने 30 मैलांचा सांगितला आहे, आणि नुसत्या शाही डेऱ्यांचा घेर 3 मैल. दख्खन जिंकायला निघालेला बादशहा पंचवीस वर्षे कापडाच्या राजधानीत राहिला आणि 1707 मध्ये छावणीतच अहमदनगराजवळ मेला. त्याचे दिल्ली-आग्र्याचे दगडी महाल त्या सगळ्या काळात रिकामे होते.

आता आपल्याकडे येऊ. डेऱ्यांची व्यवस्था पाहणारे खाते म्हणजे फरासखाना. अठरा कारखान्यांत त्याची गणना होते. पुण्यात शनिवारवाड्याजवळ फरासखाना नावाची पोलीस चौकी आहे, ते नाव पेशव्यांच्या याच खात्यावरून पडले. त्या चौकीवरून रोज हजारो माणसे जातात, पण तेथे एके काळी कनाती, सतरंज्या आणि मेखा यांचे ढीग असत, हे किती जणांच्या ध्यानात असते कोण जाणे. शब्द मात्र आपण जपले. दोन खांब, वर एक आडवे आढे, आणि त्यावरून दोन्ही बाजूंना उतरते कापड, ती राहुटी. तिच्याहून लहान आणि साधे ते पाल. मोठ्या मानकऱ्याचा तो डेरा. चारी बाजूंना उभी लावायची ती कनात. भिंतीवाचून नुसते छत ताणले की शामियाना. नारायणगावात तमाशाचे फड सुपाऱ्या घेण्यासाठी हंगामात मुक्काम करतात, त्या जागांना राहुट्याच म्हणतात. आपल्या लावणीवाल्यांनी पेशवाईतला हा शब्द अद्याप खिशात वागवला आहे.

मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध शामियाना 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या उतारावर उभा होता. अफजलखानाच्या भेटीसाठी शिवाजीमहाराजांनी तो मुद्दाम सजवून घेतला. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस बसून कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तीत या सदरेचे वर्णन आहे. उंची बिछाने होते, मोत्यांच्या झालरी होत्या. ते पाहून खान मनात जळला. शहाजीच्या पोराकडे असा सरंजाम कोठून आला, वजिरालाही असा मिळत नाही, असे त्याने बोलून दाखवले. त्यावर वकिलाने त्याची समजूत घातली, ती अशी की बादशाही माल अखेर बादशहाच्याच घरी जायचा आहे.

हा प्रसंग आपण वाघनखांच्या बाजूने इतक्या वेळा ऐकलेला असतो, की शामियान्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. आमच्या मते त्या दिवशीचे पहिले हत्यार तो शामियानाच होता. खानाच्या डोळ्यांना जे दिसायला हवे होते तेच त्याला दाखवले गेले. भ्यालेला पोरगा आपला उंची ऐवज मांडून शरण यायला निघाला आहे, असा त्या झालरींचा अर्थ होता, आणि खानाने तोच घेतला. ते सोंग होते आणि ते घेणाऱ्याला आपण सोंग घेत आहोत हे पुरते ठाऊक होते.

महाराजांची स्वतःची छावणी कशी असे, याचा एक पुरावा सुदैवाने परक्या माणसाच्या हातचा आहे. 1677 मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी महाराज कोलेरून नदीच्या काठी उतरले असताना पुदुच्चेरीच्या फ्रेंचांचा अधिकारी फ्रांस्वा मार्तें याने जर्में नावाचा वकील त्यांच्याकडे धाडला. जर्में याने जे पाहिले ते मार्तेंच्या दैनंदिनीत नोंदले गेले. त्या छावणीत कसलाही थाट नव्हता. सामानसुमानाचे लोढणे नव्हते, स्त्रिया नव्हत्या. साऱ्या छावणीत तंबू अवघे दोन, तेही जाड्याभरड्या कापडाचे आणि अगदी लहान. एक महाराजांचा आणि दुसरा त्यांच्या मुख्य प्रधानाचा.

श्रोतेहो, ही 1677 ची गोष्ट आहे. राज्याभिषेक होऊन तीन वर्षे झालेली होती. बत्तीस मणांच्या सिंहासनाची कथा सर्वतोमुखी होती. कुतुबशहाने भागानगरात सन्मान केला होता. मच्छलीपट्टणचे चीट घ्यायचे म्हटले तर ते बाजारात होते आणि पैका पदरी होता. तरीही छत्रपती आडव्या आढ्याच्या भरड्या कापडाखाली निजत होते. याला दारिद्र्य म्हणता येणार नाही. उंटांवर लादलेला डेरा दिवसाला जितकी मजल मारतो तितकीच लष्कराची मजल होते, हा साधा हिशेब त्यामागे होता. ज्या लष्कराला आज येथे तर उद्या वीस कोसांवर दिसायचे आहे, त्याला दुमजली डेरा परवडत नाही.

महाराजांमागून अवघ्या बारा वर्षांच्या आत त्याच रीतीचा एक पराक्रम घडला. 1689 मध्ये संभाजीमहाराजांच्या वधानंतर औरंगजेबाची छावणी भीमाकाठी तुळापूर-कोरेगावच्या परिसरात असता संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण थोड्या स्वारांनिशी रात्री तिच्यात शिरले. त्यांनी बादशहाच्या डेऱ्याचे तणावे तोडले आणि वरचे सोन्याचे कळस काढून नेले, ही हकिकत बखरीतून आलेली आहे. तणावे तुटले की महाल कोसळतो, कारण तो महाल मुळी नसतोच. या एका रात्रीत मराठ्यांना हे जितके स्वच्छ दिसले तितके पुन्हा कधी दिसले नाही, असे म्हणावेसे वाटते.

कारण पुढे सत्तर वर्षांत काळ बदलला. उदगीरच्या विजयानंतर 1760 च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ परतूडहून उत्तरेकडे निघाले. त्या फौजेचे वर्णन ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात केले आहे. उंच आणि ऐसपैस डेरे, आतून रेशमाचे व बनातीचे अस्तर, वर दुरून चमकणारे मोठे मुलाम्याचे कळस, आणि प्रत्येक सरदाराच्या डेऱ्यांभोवती रंगीबेरंगी कनातींचे प्रचंड कोट. सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी कळस कापून आणले, त्यांनीच आता आपल्या डेऱ्यांवर कळस चढवले होते. ग्रँट डफ परका आहे, त्याचे सगळेच मत घ्यावे असे नाही; परंतु येथे आम्हांस तो खरा वाटतो. सुरजमल जाटाने जड सामान आणि बायकामुले मागे ठेवण्याचा सल्ला दिला होता, तो मानला गेला नाही. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर जे झाले त्याची कारणे पुष्कळ आहेत. ती सगळी डेऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीपण उपाशी माणसे आणि उपाशी घोडी यांच्या मधोमध रेशमी अस्तराचे डेरे उभे होते, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

पानिपतानंतरही छावणीची विद्या मराठ्यांकडे होतीच. 1809 मध्ये ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी रेसिडेंटाच्या तैनातीत दौलतराव शिंद्यांच्या छावणीत वर्षभर होता. त्याची पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली. तो सांगतो की मुक्कामाची जागा बिनीवाला आधी जाऊन ठरवी. तो महाराजांच्या देवडीच्या जागी एक लहानसे पांढरे निशाण रोवी, आणि त्याच्या अनुरोधाने एकेका बाजाराची निशाणे ओळीने लागत. मांडणी दर मुक्कामी तीच असल्यामुळे नव्या रानातही आपली राहुटी कोठे हे कोणाला विचारावे लागत नसे. बिनीवाले हे आडनाव आपल्यात आहे, त्याचा उगम या आघाडीच्या कामात आहे. गंमत अशी की शिंद्यांची ही फिरती छावणी पुढे 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमची थांबली. कनातींच्या जागी भिंती आल्या, आणि त्या शहराचे नाव मात्र आजतागायत लष्कर असेच राहिले.

मानखुर्दच्या रहिवाशाला हे लांबचे वाटायला नको. आपल्या शेजारी चेंबूर कॅम्प आहे, तो 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचा. ट्रॉम्ब्याला चित्ता कॅम्प आहे. 1976 मध्ये जनता कॉलनी उठवून तेथली माणसे तिकडे नेण्यात आली. कॅम्प म्हणजे छावणीच. या छावण्यांतील माणसांनी ताडपत्रीच्या जागी पत्रा, पत्र्याच्या जागी वीट, असे वर्षामागून वर्ष करीत निवाऱ्याचे घर केले. तेथे कोणी महालाचे सोंग आणले नाही. तेवढी उसंत आणि तेवढे कापड तेथे कोणाकडे नव्हते.

मग शिवकालीन छावणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लाल-सोनेरी डेरे का येतात? याचे उत्तर नाटकाच्या पडद्यात आहे. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या दिवसांत कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. सपाट कापडावर खोल दरबार, खांबांच्या रांगा आणि झुंबरे हुबेहूब दिसत. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1923 मध्ये सिंहगड चित्रपट केला, आणि रंगवलेल्या पडद्याऐवजी खरीखुरी उभी दृश्ये बांधण्याचा पायंडा पाडला. भालजी पेंढारकरांचा छत्रपती शिवाजी 1952 चा. आपल्या वडीलधाऱ्यांनी शिवकाल पाहिला तो या काळ्यापांढऱ्या चित्रांतून. पुढे रंग आले, आणि रंगाबरोबर मखमल आली. कर्जतला नितीन देसाई यांनी उभारलेल्या स्टुडिओत अलीकडच्या ऐतिहासिक चित्रपटांसाठी किल्ले आणि वाडे उभे राहिले. त्यात जोधा अकबर 2008 चा आणि पानिपत 2019 चा. या लोकांच्या कौशल्याला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच विचार नाही. कॅमेऱ्याला भरड्या कापडाचे दोन लहान तंबू पुरत नाहीत, हेही आम्ही जाणतो. पण त्याचा परिणाम असा झाला की मावळ्यांची छावणी दाखवताना आपण नकळत मोगलांची छावणी दाखवू लागलो. मंडळाचा कार्यकर्ता रात्र रात्र जागून, वर्गणीचा पैसा खर्चून, आपल्या नायलॉनच्या तंबूला जे रूप देतो, ते खानाच्या डोळ्यांना सुखावणारे रूप असते.

केवळ कल्पनेचा महाल करायचा असेल तर गोष्ट वेगळी. तेथे सर्व माफ आहे. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओने 1951 च्या आवारा चित्रपटात जे स्वप्नदृश्य दाखवले, त्याचे कलादिग्दर्शक मु. रा. आचरेकर. ढगांत चढत जाणारे जिने आणि प्रचंड मूर्ती यांचा तो प्रदेश कोणत्या काळातला, हे कोणी विचारले नाही, विचारण्याचे कारणही नव्हते. तो स्टुडिओ 2017 च्या आगीत जळाला आणि पुढे विकला गेला. मुलांच्या सहलीसाठी कोणी तंबूला राक्षसाच्या गुहेचे किंवा परीच्या महालाचे रूप दिले तर आम्ही आनंदाने पाहायला जाऊ. फक्त त्यावर शिवकालीन अशी पाटी लावू नये, एवढेच आमचे मागणे.

आता ज्यांना खरोखर त्या काळची छावणी उभी करायची आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. खरे सोंग फार स्वस्त आहे. लाल मखमल नको, सोनेरी झालर नको, पुठ्ठ्याचा कळस तर नकोच. नायलॉनच्या तंबूची पहिली अडचण त्याचा रंग ही नाही, आकार ही आहे. वाटीसारख्या आकारावर कितीही कापड टाकले तरी ती कापड टाकलेली वाटीच दिसते. म्हणून तंबूवर कापड टाकू नये, तंबूभोवती राहुटी उभारावी. पुढे-मागे एकेक बांबू पुरावा, त्यावर तिसऱ्या बांबूचे आढे बांधावे, आणि त्यावरून मांजरपाटाची किंवा जाड खादीची पाखी दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत उतरवावी. आतला तंबू त्या पाख्यांना कोठेही टेकता कामा नये. चांगली वीतभर फट सुटली पाहिजे. त्याचे कारण असे की नायलॉनच्या आत माणसाच्या श्वासाची वाफ साठते आणि पहाटे थेंब पडू लागतात. बाहेरून कापड चिकटून बसले तर वारा खेळत नाही आणि पांघरुणे भिजतात. फट असली की दुहेरी छपराचा फायदा मिळतो. दिवसा ऊन कमी लागते, रात्री दव वरच्या वर अडते.

कापड कोरे असले तर फार पांढरे दिसते. गेरूच्या पाण्यातून एकदा काढले, किंवा चहाच्या चोथ्यात उकळले, की ते मातकट होते आणि डोळ्यांना टोचत नाही. तणाव्यांना प्लॅस्टिकची दोरी असते, तिच्या जागी काथ्याचा सुंभ घ्यावा. लोखंडी खिळ्यांऐवजी बाभळीच्या मेखा असल्या तर उत्तम, नाहीतर त्या खिळ्यांवर माती ओढावी. मेख मोगरीने ठोकताना तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूस कललेले असावे, म्हणजे ताण आला तरी ती उपटत नाही. ही विद्या मांडव घालणाऱ्या कोणत्याही कारागिराला ठाऊक असते. आमच्या या भागात असे कारागीर पुष्कळ आहेत. गणपतीत आणि लग्नसराईत ज्यांच्या हातच्या मांडवाखाली आपण बसतो, त्यांपैकी एकाला दोन तास बोलावून आणले तर दहा पुस्तकांचे काम होईल. फरासांचे खरे वारस तेच आहेत. आईन-ए-अकबरीने हजार फरासांचा आकडा दिला, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही कडक शब्दांत सांगणार आहोत. छावणीचा देखावा झाला की कोणाला तरी मशाली लावण्याची बुद्धी होते. सुती कापड भराभरा पेटते. नायलॉन तर वितळून जळते आणि त्याचे थेंब अंगाला चिकटतात. आत झोपलेल्या माणसाला बाहेर पडायला एकच दार असते आणि ते बहुधा साखळीने बंद केलेले असते. या धोक्याबद्दल महाराजांनीच ताकीद देऊन ठेवलेली आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातले, चिपळूणकडे पावसाळी मुक्कामास असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, असा त्या पत्राचा बोध म्हणून आपण सांगतो. पण त्या पत्रात आगीचीही काळजी आहे. कोणी स्वयंपाकाला आगट्या करील, कोणी तंबाखूसाठी विस्तव आणील, कोणी रात्री दिवा जळता ठेवील, आणि उंदीर पेटती वात पळवून नेईल. मग गवत आणि खण सारे जळेल, आणि घोडी उपाशी मरतील. उंदराने पळवलेली वात ज्या राजाला दिसते, त्याच्या नावाने छावणी उभारायची असेल तर मशाली नकोत. विजेरीवर चालणारा एखादा मंद दिवा कंदिलात ठेवला म्हणजे उजेडापुरते काम भागते.

राहता राहिला मांडणीचा प्रश्न. तंबू गोलाकार लावून मध्ये शेकोटी, ही रीत आपल्याकडे बाहेरून आली. आपली छावणी देवडीच्या निशाणावरून ओळीत लागे. प्रथम पांढऱ्या निशाणाची जागा ठरवावी. तिच्या मागे दोन लहान राहुट्या उभ्या कराव्या, दोन्ही सारख्याच. एक छत्रपतींची, एक प्रधानाची, आणि कोणती कोणाची हे बाहेरून ओळखू येऊ नये. बाकीच्या लोकांनी त्यांच्या दोन्ही अंगांना घोंगडी अंथरून उघड्यावर निजावे. ज्यांना उघड्यावर निजणे सोसत नसेल त्यांनी आपले नायलॉनचे तंबू थोडे दूर, झाडीच्या आड, जसे आहेत तसेच, न झाकता लावावेत. सकाळी उठल्यावर आधी सुंभ सोडवावेत, मग कापड उन्हात वाळवून घडी करावी, आणि मेखा मोजून पोत्यात भराव्यात. ओले कापड गुंडाळले तर आठ दिवसांत त्याला बुरशी धरते आणि पुढच्या शिवजयंतीला ते उपयोगी पडत नाही.